पगार नव्हे, स्टायपेंड!

सबमिशन तोंडावर आलंय, गाईड सर रोज "रिझल्ट कुठे आहेत?" म्हणून विचारताहेत, आणि हा पठ्ठ्या म्हातारपणाच्या पेन्शनवर लेख लिहितोय... असं तुम्ही म्हणणार हे मला माहीत आहे. म्हणा! मेसच्या डाळीवर दरवर्षी एक लेख छापून येतो, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. यंदा जरा वेगळी डाळ शिजवू.

तर गोष्ट आहे आमच्या स्टायपेंडची. बी.ई.वाल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. गेट पास होऊन एम.टेक.ला प्रवेश घेतला, की एआयसीटीईकडून महिन्याला १२,४०० रुपये स्कॉलरशिप मिळते, जास्तीत जास्त २४ महिने. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बदल्यात आठवड्याला आठ-दहा तास लॅब घेणं, ट्युटोरियल तपासणं असली कामं करायची. (सेकंड इयरचे जर्नल ज्याने तपासलेत त्यालाच कळेल की १२,४०० हे तसे कमीच आहेत!) पीएच.डी.वाल्यांची मजा मोठी. जेआरएफ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार झाली आणि एसआरएफ ४२ हजार. आम्ही एम.टेक.वाले त्यांच्याकडे बघतो तसे तुम्ही आमच्याकडे बघता.

आता या पैशाला म्हणायचं काय? हॉस्टेलमध्ये आम्ही त्याला 'स्टाय' म्हणतो. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये ती 'शिष्यवृत्ती' आहे. आणि आमच्या गावी, चोपडा तालुक्यात, तो सरळ 'पगार' आहे. पहिल्या महिन्याचे पैसे आल्याचं आजीला कळलं आणि तिने भर ओट्यावर जाहीर करून टाकलं, "पगार चालू व्हयना, आते लगीन!" तिला शिष्यवृत्ती आणि पगारातला फरक समजावायला गेलो, तर म्हणाली, काम करतोस ना? दर महिन्याला पैसे येतात ना? मग पगारच की!

आजीचा हा युक्तिवाद दिसतो तितका भोळा नाही, हे मला नंतर कळलं. या एका प्रश्नावर कोर्टकचेऱ्या झाल्यात आणि सातासमुद्रापार कायदा बदलावा लागलाय.

माझ्या डोक्यात हा किडा शिरला तो एका फॉर्ममुळे. एनपीएसचं खातं उघडायचं म्हणून फॉर्म घेऊन बसलो. व्यवसायाच्या रकान्यात नोकरी, धंदा, गृहिणी यांच्या पंक्तीत 'विद्यार्थी' हाही पर्याय आहे, त्यावर खूण केली. पुढचा रकाना वार्षिक उत्पन्नाचा. एक लाखापर्यंत, एक ते पाच लाख, आणि पुढे चढत्या भाजणीने. माझे वर्षाचे होतात १,४८,८००. पण इन्कम टॅक्सवाले तर याला हात लावत नाहीत म्हणतात. मग हे उत्पन्न की नाही? खूण करायची कुठे?

अशा वेळी आमच्या कॉलेजात एकच दरवाजा ठोठावायचा, अकाउंट सेक्शनच्या नानांचा. नानांनी फॉर्म बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "भाऊ, तुझे वडील केळी लावतात ना?"

म्हटलं, "हो नाना."

"केळीच्या पैशावर टॅक्स भरतात का?"

"नाही."

"मग आता गावात जाऊन सांग, की माझ्या बापाला उत्पन्न नाही!"

झालं, निकाल लागला. एक ते पाच लाखांवर खूण केली.

नानांचं म्हणणं थोडं उलगडून सांगतो, कारण निम्मं हॉस्टेल इथेच गोंधळतं. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १० म्हणजे करमुक्त उत्पन्नांची लांबलचक यादी होती. तिच्यात पहिल्याच नंबरावर शेतीचं उत्पन्न, आणि सोळाव्या नंबरावर 'शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती'. म्हणजे वडील आणि मी एकाच कलमाखाली, फक्त पोटकलमं वेगळी! (२०२५ मध्ये नवा आयकर कायदा मंजूर झाला, त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची. कलमांचे आकडे सगळे बदलले, पण शिष्यवृत्तीची सूट राहिली. जुने नंबर लोकांच्या तोंडात बसलेत म्हणून मीही तेच वापरतो.) सोळाव्या नंबराला रकमेची मर्यादा नाही. त्यामुळे १२,४०० असोत की जेआरएफचे ३७ हजार, शिष्यवृत्ती म्हणून मिळाले असतील तर त्यावर कर नाही. रिटर्न भरायचाच झाला, समजा बँकेने एफडीवर टीडीएस कापला म्हणून, तर त्यात करमुक्त उत्पन्नाचा वेगळा तक्ता असतो, तिथे शिष्यवृत्तीचा पर्याय निवडून आकडा लिहायचा. लपवायचं काही नाही आणि पगाराच्या रकान्यात टाकायचंही नाही.

म्हणजे 'करमुक्त' याचा अर्थ 'उत्पन्न नाही' असा नव्हे. मात्र याची दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या विंगमधल्या टॅक्स-एक्स्पर्ट मंडळींना कुणीतरी सांगायला हवी. ही मंडळी मार्चमध्ये "८०सी मध्ये टाक, टॅक्स वाचेल" असा सल्ला फुकट वाटत फिरतात. अरे, कोणता टॅक्स? वजावट मिळते ती करपात्र उत्पन्नातून. जुन्या पद्धतीत नोकरी नसलेल्या माणसाला एनपीएसची वजावट त्याच्या एकूण ढोबळ उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत मिळे. आमची शिष्यवृत्ती त्या ढोबळ उत्पन्नात धरलीच जात नाही. शून्याचे २० टक्के किती? बी.ई.च्या एम-थ्रीला केटी लागलेल्यालाही सांगता येईल! आणि २०२३-२४ पासून जी नवी करपद्धत आपोआप लागू होते, तिच्यात ८०सी नाहीच. तेव्हा स्टायपेंडवाल्याने पीपीएफ किंवा एनपीएसमध्ये पैसे टाकायचे ते टॅक्ससाठी नव्हे. टाकता येतात, कुणी अडवत नाही, पण त्याचं बक्षीस यंदाच्या मार्चमध्ये मिळणार नाही.

"कुणी अडवत नाही" हे मी मुद्दाम लिहिलं. कारण माझ्या मामेभावाला अडवलं होतं!

मामा धुळ्याचे, देवपूरला राहतात. त्यांचा मुलगा २०१७ मध्ये पीएच.डी.साठी अमेरिकेत गेला. त्याला फेलोशिप होती, म्हणजे लॅबमधल्या कामाचा पगार नाही, नुसती फेलोशिप. तिथे १९८६ च्या कर-सुधारणेपासून असा नियम आहे, की स्कॉलरशिपमधला फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त, पण राहण्या-खाण्यासाठी जो पैसा मिळतो त्यावर कर. ठीक आहे, दादाने कर भरला. मग त्याला वाटलं, इथले लोक निवृत्तीसाठी 'आयआरए' नावाचं खातं उघडतात, आपणही थोडं टाकावं. तर उत्तर आलं, नाही टाकता येणार! त्या खात्यात पैसे टाकायला 'कामाचा मोबदला' हवा, आणि फेलोशिप हा मोबदला नाही. त्याच्याच लॅबमधला दुसरा मुलगा टीचिंग असिस्टंट होता, त्याला पगाराची स्लिप मिळायची, त्याला खातं उघडता येत होतं. दोघांच्या खिशात साधारण सारखेच डॉलर, दोघेही रात्री एकच पिझ्झा वाटून खाणारे. पण एकाचा पैसा म्हातारपणाच्या कामाचा, दुसऱ्याचा नाही.

दादा फोनवर म्हणाला होता, "कर घ्यायला हे उत्पन्न आहे, साठवायला नाही!"

तिकडे पीएच.डी. पाच-सहा वर्षं चालते. नेमकी विशीतली वर्षं, जेव्हा टाकलेला डॉलर सगळ्यात जास्त काळ वाढतो. बरीच ओरड झाली असणार, कारण शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये 'सिक्युअर' नावाचा कायदा झाला आणि २०२० च्या करवर्षापासून पदव्युत्तर आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांची करपात्र फेलोशिप त्या खात्यासाठी 'मोबदला' धरली जाऊ लागली. दादाने त्या वर्षी पहिल्यांदा खातं उघडलं. तेव्हाची मर्यादा सहा हजार डॉलरची. त्याने किती टाकले ते त्याने सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. मामांचं म्हणणं एकच होतं, "भाच्या, आमच्या काळात म्हातारपणाचं खातं म्हणजे पोरगं. आता पोरगंच खातं काढायला लागलं!"

विनोद बाजूला ठेवू, पण मला आपली पद्धत या बाबतीत जास्त सरळ वाटते. इथे कर नाही, म्हणून वजावटही नाही, हिशेब मिटला. आणि खातं उघडायला 'मोबदला' दाखवा अशी अट कुठेच नाही. पीपीएफ १९६८ च्या कायद्यातून आलेलं, देशात राहणाऱ्या कुणाही माणसाला उघडता येतं. एनपीएस १ मे २००९ पासून सगळ्या नागरिकांना खुलं आहे.

पण थांबा, एवढं कौतुक पुरे. 'स्टायपेंड' या शब्दाची आपल्याकडची खरी गोची कारखान्यात आहे.

माझा डिप्लोमापासूनचा मित्र एमआयडीसीतल्या एका कंपनीत अप्रेंटिस आहे. पदवीधर अप्रेंटिसला २०१९ च्या नियमांनी महिन्याला किमान नऊ हजार ठरले. सकाळी सातची पाळी, मशीनवर उभं राहणं, शेजारच्या कायम कामगाराइतकंच काम. त्या कामगाराच्या स्लिपवर पीएफचा रकाना भरलेला, याच्या कागदावर तो रकानाच नाही. त्याला वाटलं कंपनी फसवतेय. तसं नाही. १९५२ च्या प्रॉव्हिडंट फंड कायद्यात 'कर्मचारी' कोण, हे सांगताना १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचे आणि कंपनीच्या स्थायी आदेशांखालचे अप्रेंटिस वगळलेले होते. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही १९६१ च्या कायद्याखालचा अप्रेंटिस कर्मचाऱ्यात धरलेला नाही. सुपारी आणि कोकोच्या व्यापारातली कॅम्पको ही सहकारी संस्था, तिच्या ट्रेनींचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २००६ मध्ये निकाल लागला, की स्टायपेंडवर शिकणारे, नोकरीचा हक्क नसलेले ट्रेनी हे कर्मचारी नव्हेत, त्यांचा पीएफ भरायची सक्ती नाही. कायद्याच्या दृष्टीने ते 'शिकताहेत'.

आता सांगा, आजीचं काय चुकलं? काम करतोय, दर महिन्याला पैसे येताहेत... मित्राला हे सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भो, घाम तर सेमच येतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकणाऱ्याला कामावर घ्यायला कंपन्या तयार व्हाव्यात म्हणून ही सूट, हे मला पटतं. पण वर्षभर शिकवून झाल्यावर त्या जागी पुन्हा नवा 'शिकणारा' उभा करायचा, असं जिथे चालतं तिथे ही शिकवणी नक्की कुणासाठी आहे, असं विचारावंसं वाटतं.

तिसरा नमुना आमच्या एका सीनियरचा. त्याने पुण्याच्या एका कंपनीत सहा महिने इंटर्नशिप केली. अप्रेंटिस कायद्याखाली नव्हे, साधी. कागदावर शब्द 'स्टायपेंड'च. पण कंपनीने 'व्यावसायिक फी' म्हणून १० टक्के टीडीएस कापला. हा पैसा शिष्यवृत्ती नाही, कामाचाच मोबदला आहे, त्यामुळे करपात्र उत्पन्नात धरायचा. एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत होतं म्हणून रिटर्न भरल्यावर कापलेले पैसे परत आले. पण गंमत बघा, या पठ्ठ्याला जुन्या पद्धतीत एनपीएसची ती २० टक्क्यांची वजावट कागदोपत्री मिळू शकत होती. म्हणजे एका विंगमध्ये तिघे जण, तिघांच्याही तोंडात 'स्टायपेंड', आणि तिघांना नियम तीन. त्यामुळे ज्युनियर मंडळींना एकच सांगणं : पैसे कशाचे आहेत ते शब्दावरून ठरवू नका, पत्र वाचा. पत्रात स्कॉलरशिप किंवा फेलोशिप लिहिलंय, अप्रेंटिस कायद्याचा करार आहे, की नुसती इंटर्नशिप आहे? प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून नेमणूक झाली असेल तर तेही नीट बघा, कारण तिथे 'मानधन' म्हणून मिळणारा पैसा पगारात जाऊ शकतो. ते पत्र लॅमिनेट करून ठेवा, गेटच्या स्कोअरकार्डाशेजारी.

आता मुख्य शंका. १२,४०० मध्ये मेस, झेरॉक्स, मोबाईल, एसटीचं तिकीट, घरी थोडंफार, यातून म्हातारपणासाठी उरतं काय? मी एक आकडेमोड केली, ती देतो. महिन्याला हजार रुपये, दोन वर्षं, म्हणजे २४ हजार. ते पीपीएफमध्ये राहिले, पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवत नेली, आणि व्याज सध्याचं ७.१ टक्केच धरलं (एप्रिल २०२० पासून हाच दर आहे, नव्वदीत १२ टक्के होता म्हणे आमचे एचओडी उसासा टाकून सांगतात, आणि ते खरं आहे), तर साठीला त्या २४ हजारांचे सुमारे तीन लाख होतात. लगेच उड्या मारू नका. महागाई पाच टक्के धरली तर त्या तीन लाखांची किंमत आजच्या पन्नास हजारांएवढी. म्हणजे खऱ्या अर्थाने दुप्पट. तेच २४ हजार दहा वर्षं उशिरा, नोकरीत स्थिरावल्यावर टाकले, तर तीन लाखांऐवजी दीड. आपल्या हातात पैसा नाही, पण ही दहा वर्षं आहेत.

पीपीएफला वर्षाला किमान ५०० लागतात, चुकले तर वर्षाला ५० दंड. दर महिन्याला भरायची सक्ती नाही, हे आमच्यासारख्यांना सोयीचं. एनपीएसमध्ये वर्षाला किमान हजार, पैसा बाजाराबरोबर वरखाली होतो, आणि लांबपर्यंत अडकतो. मी स्वतः एनपीएसचा फॉर्म भरला तरी पहिले पैसे पोस्टातल्या पीपीएफमध्येच टाकलेत.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरी सावकाराचं कर्ज असेल, तर कसलं पीपीएफ आणि कसलं काय! सात टक्क्यांनी साठवायचं आणि महिन्याला तीन टक्क्यांनी फेडायचं, हा इंजिनियरिंगचा हिशेब नव्हे. गेल्या वर्षी वादळात आमची केळी आडवी झाली, तेव्हा चार महिने माझा स्टाय पूर्ण घरीच गेला आणि तो तिथेच जायला हवा होता.

हे सगळं नानांशी बोलत होतो तेव्हा ते जरा गप्प झाले. नाना २००६ मध्ये सरकारी सेवेत लागले. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख आपल्या राज्यातल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारा. त्याआधी लागलेल्याला जुनी पेन्शन, नंतर लागलेल्याला अंशदायी. काही महिन्यांचा फरक! मार्च २०२३ च्या संपात नाना आठवडाभर कलेक्टर कचेरीसमोर मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, "आम्हाला तर कुणी विचारलंच नाही भाऊ, कापायला लागले. तुला निदान फॉर्मवर खूण करायला मिळतेय."

मग त्यांनीच मला अटल पेन्शनचं सांगितलं. २०१५ ची योजना, १८ ते ४० वयासाठी, साठीनंतर महिन्याला एक ते पाच हजार. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्यात नियम आहे, की जो आयकर भरतो किंवा पूर्वी भरलाय त्याला नव्याने शिरता येणार नाही. म्हणजे स्टायपेंडवाला शिरू शकतो, आणि नोकरी लागून कर सुरू झाला की दार बंद. जी करमुक्ती इतर ठिकाणी काही देत नाही, ती इथे तिकीट होऊन बसलीय!

वडिलांचं वय ५२. अटल पेन्शनला चाळिशीची अट, शेतकऱ्यांच्या २०१९ च्या मानधन योजनेलाही चाळिशीचीच. त्यांच्यासाठी दोन्हीकडे उशीर झालाय. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझं जाऊ दे, पोरीचं बघ." बहीण १९ वर्षांची, धुळ्याला मामांकडे राहून बी.एस्सी. करते. पाच हजारांच्या पेन्शनसाठी तिच्या वयाला महिन्याला २२८ रुपये पडतात. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन बँकेत गेलो, फॉर्म भरला. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, त्यासाठी दर महिन्याला तिथे शिल्लक ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. माझा स्टाय जुलैत संपतो. पुढच्या हप्त्यांचं विचारलं तर ती म्हणते, "दादा, तोवर माझाही चालू होईल ना!"